तालमीपासून विद्यापीठीय क्रीडागृहापर्यंत



धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाली. कालांतराने देवासची महाविद्यालये उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी, तर धारची इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठ म्हटले की ग्रंथालय आठवते, प्रयोगशाळा आठवते; क्रीडागृहाचा विचार मागाहून होतो. त्या उपेक्षित वास्तूविषयी आज मी बोलणार आहे.

छपराखालचा व्यायाम मराठी माणसाला नवा नाही. तालीम हेच आपले पहिले बहुउद्देशीय क्रीडागृह. हौद्यातील तांबड्या मातीत कुस्ती, कडेला जोर-बैठका, कोपऱ्यात मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. ही विद्या माळव्यातही रुजली आणि 2013 मध्ये मध्य प्रदेशाने तिला राज्यखेळाचा मान दिला.

विद्यापीठीय क्रीडागृहाचे गणित निराळे. बॅडमिंटनचे फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. वाऱ्याची झुळूकही त्याला दिशा सोडायला लावते. म्हणून या खेळाला बंद भिंती आणि उंच छत हवे. बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद. सभागृहाची लांबीरुंदी ते ठरवते. व्हॉलीबॉलचे 18 बाय 9 मीटरचे मैदान त्यातच बसते. एकाच लाकडी जमिनीवर निरनिराळ्या रंगांच्या रेषा आखून हे सारे खेळ नांदतात.

आता आपले मातीतले खेळही मॅटवर आले आहेत. जानेवारी 2025 मध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात झाली. भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. मातीवर शिकलेल्या मुलाला मॅटवर पाऊल टाकताच पकड, वेग, वळण सारे नव्याने साधावे लागते. ज्याच्या गावी छप्पर नाही, तो स्पर्धेपूर्वीच मागे पडतो.

माझ्या मते तालमीकडून एक गुण घ्यावा आणि एक उणीव टाळावी. तालीम रोज पहाटे उघडत असे, हा तिचा गुण. मुलींना तिचे दार बहुधा बंद असे, ही तिची उणीव. समारंभापुरते उघडणारे क्रीडागृह म्हणजे केवळ मंगल कार्यालय. त्याची थोरवी छताच्या उंचीवर मोजू नये. आसपासच्या शाळांतील किती मुलेमुली रोज तिथे घाम गाळतात, यावर मोजावी. आपल्या संस्थांनी हा आग्रह धरावा, एवढीच माझी विनंती.