दुसऱ्या फळीचा हिशेब

३ सप्टेंबर १९४९ या दिवशी न्यूझीलंडचा राष्ट्रीय रग्बी संघ एकाच वेळी दोन देशांत खेळत होता. एक संघ डर्बनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, दुसरा घरच्या मैदानावर, वेलिंग्टनच्या अ‍ॅथलेटिक पार्कवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दोन्हीकडे तीच काळी जर्सी आणि दोन्ही सामन्यांना कसोटीचा दर्जा. वेलिंग्टनचा संघ ६-११ असा हरला आणि डर्बनचा ३-९ असा. पुढच्या काही आठवड्यांत उरलेल्या कसोट्याही गेल्या. त्या वर्षी ऑल ब्लॅक्स, म्हणजे हा राष्ट्रीय संघ, सहा कसोट्या खेळले आणि सहाही हरले. ऑस्ट्रेलियाने ब्लेडिस्लो चषक न्यूझीलंडच्या भूमीवर जिंकला तो त्या वेळी पहिल्यांदाच.

देशाची लोकसंख्या तेव्हा वीस लाखही नव्हती. एवढ्याशा देशाने दोन राष्ट्रीय संघ उभे करावेत ही हौस की उद्दामपणा, हा वाद तिथे बरीच वर्षे चालला. पण खरा घोळ संख्येचा नव्हताच. वेलिंग्टनला ज्याच्याकडे कर्णधारपद होतं तो जॉनी स्मिथ त्या काळातल्या उत्तम सेंटर्सपैकी एक मानला जाई. महायुद्धानंतर ‘किवीज’ या लष्करी संघातून त्याने ब्रिटन गाजवलं होतं. त्याच्यासोबत बेन काउच आणि व्हिन्स बेव्हन होते. या तिघांच्या अंगात माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, रक्त होतं आणि दक्षिण आफ्रिकेला गोरेतर पाहुणे नको होते. न्यूझीलंडच्या संघटनेने ती अट मुकाट मानली. म्हणजे डर्बनला गेलेला पहिला संघ खरोखर पहिला नव्हता, आणि घरी ठेवलेल्या दुसऱ्या संघात पहिल्या संघाची माणसं बसली होती.

निवडीची रीत मात्र त्याआधी पन्नासेक वर्षं पक्की होत आली होती. न्यूझीलंडची रग्बी संघटना १८९२ची. क्लबातून प्रांतिक संघात, तिथून उत्तर विरुद्ध दक्षिण बेट या सामन्यात, मग राष्ट्रीय चाचणी सामन्यात, अशी ती चढण. दोन बेटांमधला सामना १८९७पासून सुरू झाला. १९०४पासून रॅनफर्ली शील्डसाठी प्रांत एकमेकांना आव्हान देऊ लागले. आपल्या रणजीसारखी ही साखळी स्पर्धा नव्हे. ज्याच्याकडे ढाल असेल त्याच्या गावी जाऊन ती हिसकावून आणायची. त्यामुळे एखाद्या आडगावच्या प्रांतालाही बलाढ्य पाहुण्यांशी भिडायची संधी मिळे आणि निवडकर्त्यांना नवे चेहरे दिसत. चाचणी संपली की समिती बंद दाराआड बसायची. मग नावं रेडिओवर वाचली जायची. आपण देशाकडून खेळणार हे कित्येक खेळाडूंना स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून, शेजाऱ्यांबरोबरच कळलं.

प्रांताप्रांतांतली चुरस निवडीतही उतरे. १९०५च्या ब्रिटन दौऱ्यावरचा संघ आज ‘ओरिजिनल्स’ म्हणून पूजला जातो, पण त्याची सुरुवात भांडणाने झाली. संघटनेने ऑकलंडच्या डेव्ह गॅलाहरला कर्णधार आणि साउथलंडच्या बिली स्टीडला उपकर्णधार नेमलं. हे पद खेळाडूंनी निवडून द्यायचं असतं, अशी कुरकुर दक्षिणेकडच्या खेळाडूंत बोटीवरच सुरू झाली. दोघांनी राजीनामा देऊ केला, मतदान झालं आणि १७ विरुद्ध १२ अशा मतांनी नेमणूक कायम राहिली. पुढे त्या संघाने ३५ सामन्यांत ९७६ गुण केले, फक्त ५९ दिले आणि एकच सामना गमावला, कार्डिफला वेल्सविरुद्ध ०-३. आता त्या बंडाची आठवण कोणाला? जिंकलेल्या संघाच्या निवडीवर कोणी बोट ठेवत नाही.

निवडकर्त्याचं कसब खेळाडूची जागा ओळखण्यात असतं. जॉर्ज नेपिया हा माओरी मुलगा आधी दुसऱ्या जागांवर खेळायचा. १९२४च्या चाचण्यांत त्याला फुलबॅकला उभं केलं गेलं आणि त्यानंतरच्या दौऱ्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो ब्रिटनमधल्या एकाही सामन्यात बाहेर बसला नाही. ‘इन्व्हिन्सिबल्स’ म्हणजे अजिंक्य हे नाव त्या संघाने ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि कॅनडातले सगळे ३२ सामने जिंकून कमावलं. राखीव फुलबॅकची गरजच पडली नाही, म्हणून त्या जागेची खोली किती होती हेही कळलं नाही. एकच माणूस सगळे सामने खेळत असेल तर संघाची ताकद दिसते, पण त्याच्या मागे कोण आहे ते झाकलेलंच राहतं.

चार वर्षांनी, १९२८मध्ये, न्यूझीलंडचा संघ पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला. नेपिया त्या बोटीवर नव्हता. स्क्रम-हाफ जिमी मिलही नव्हता. कारण तेच, माओरी रक्त. कसोट्या २-२ अशा बरोबरीत सुटल्या. त्यातही एक गंमत आहे. मार्क निकोल्ससारखा हुकमी पाय संघाबरोबर असून त्याला शेवटच्या कसोटीपर्यंत बसवून ठेवलं गेलं. केपटाउनला त्याला घेतलं आणि न्यूझीलंड १३-५ने जिंकलं. रंगामुळे दोन माणसं घरी ठेवायची आणि बरोबर आणलेला माणूस बाकावर ठेवायचा, हे त्या दौऱ्याचं निवडशास्त्र.

१९४९ची गोष्ट त्याच वळणाची, फक्त जास्त महाग पडलेली. रॅनफर्ली शील्ड तेव्हा ओटागो प्रांताकडे होती आणि ओटागोचे तब्बल अकरा खेळाडू दौऱ्यावर निवडले गेले. त्या संघाला घडवणारा प्रशिक्षक व्हिक कॅव्हानॉ मात्र घरीच राहिला. त्याच्याऐवजी १९०५च्या संघातले, साठी उलटलेले अ‍ॅलेक्स मॅकडोनाल्ड प्रशिक्षक म्हणून गेले. केपटाउनच्या पहिल्या कसोटीत ओकी गेफिनने पाच पेनल्टी मारल्या आणि दक्षिण आफ्रिका १५-११ने जिंकली. न्यूझीलंडला गोलपोस्टमधून चेंडू काढणारा तसा पाय मिळेना. मालिका संपायच्या आत कर्णधार फ्रेड अ‍ॅलन स्वतः संघाबाहेर बसला होता. परतीच्या बोटीवरून त्याने आपले बूट समुद्रात भिरकावले असं सांगतात. खरं असो वा नसो, तो पुन्हा ऑल ब्लॅक्सकडून खेळला नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून तो १४ कसोट्यांत अपराजित राहिला, हे मात्र नोंदलेलं आहे.

१९५६ला दक्षिण आफ्रिकेचा संघ परतभेटीला आला तेव्हा सगळा देश हिशेब चुकता करायच्या तयारीत होता. दोन कसोट्यांनंतर मालिका १-१ झाली आणि स्क्रममध्ये पाहुणे भारी पडत होते. निवड समितीने केव्हिन स्किनर या निवृत्त प्रॉपला परत बोलावलं. तो एके काळचा राष्ट्रीय हेवीवेट मुष्टियोद्धा. ख्राइस्टचर्चला त्याने एका डावात एका बाजूच्या प्रॉपशी आणि दुसऱ्या डावात दुसऱ्या बाजूच्या प्रॉपशी ‘हिशेब केला’. त्याच सामन्यात डॉन क्लार्क हा तरुण फुलबॅक पहिल्यांदा उतरला. न्यूझीलंडने सामना १७-१०ने आणि पुढे मालिका ३-१ने जिंकली. एका निवडीत वय झालेला एक आणि कोवळा एक, दोघंही ठरावीक कामासाठी आणलेले. समितीच्या बैठकांना इतका ठोस उद्देश क्वचितच मिळतो.

त्या काळी बाकाचा अर्थही वेगळा होता. दुखापत झाली तरी कसोटीत बदली खेळाडू उतरवता येत नसे. ती मुभा १९६८ला मिळाली. तोवर पंधरापैकी एखादा लंगडत असेल तर तो विंगवर उभा राहायचा किंवा चौदा जणांनी सामना रेटायचा. दौऱ्यावरच्या तीस जणांतले निम्मे मधल्या आठवड्यातले प्रांतिक सामने खेळत आणि शनिवारी कोट घालून स्टँडमध्ये बसत.

माओरींचा प्रश्न १९६०ला रस्त्यावर आला. ‘माओरी नाहीत तर दौराही नाही’ या मागणीवर दीड लाखाच्या आसपास लोकांनी सह्या केल्या, तेही जेमतेम तेवीस-चोवीस लाखांच्या देशात. संघ तरी गेलाच. १९६७चा दौरा मात्र रद्द झाला. १९७०मध्ये सिड गोइंग, बफ मिलनर, ब्लेअर फर्लाँग आणि सामोअन वंशाचा ब्रायन विल्यम्स यांना दक्षिण आफ्रिकेने आत घेतलं, पण ‘मानद गोरे’ म्हणून. या शब्दांवर वेगळं भाष्य करायची गरज नाही. वगळलेल्या माओरी खेळाडूंची दोन्ही देशांच्या संघटनांनी माफी मागितली ती २०१०मध्ये. तोवर नेपियाला जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

दक्षिण आफ्रिकेनेच न्यूझीलंडला दुसऱ्या फळीचा सर्वांत मोठा धडाही दिला, तोही नकळत. १९८५चा अधिकृत दौरा न्यायालयाच्या मनाई आदेशाने थांबला. पुढच्या वर्षी त्या संघातले जवळजवळ सगळे ‘कॅव्हेलियर्स’ नाव घेऊन स्वतःच तिकडे खेळायला गेले. डेव्हिड कर्क आणि जॉन कर्वन या दोघांनी नकार दिला. परतलेल्यांना दोन कसोट्यांची बंदी झाली आणि लगेच फ्रान्स येऊन ठाकला होता, त्याच वर्षी स्कॉटलंडसह पंचराष्ट्र स्पर्धा वाटून घेतलेला. प्रशिक्षक ब्रायन लोकोर यांनी कर्कच्या हाताखाली नवख्यांचा संघ उभा केला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बेबी ब्लॅक्स’ म्हटलं. २८ जून १९८६ला ख्राइस्टचर्चला ही पोरं १८-९ने जिंकली.

त्या दिवशी हुकरच्या जागी खेळलेला शॉन फिट्झपॅट्रिक यादीत वरचा नव्हताच. अनुभवी हुकर बंदीत अडकले होते, म्हणून दार किलकिलं झालं. वर्षभराने पहिल्या विश्वचषकाच्या तोंडावर कर्णधार आणि हुकर अँडी डाल्टन जखमी झाला. कर्णधारपद कर्ककडे आणि हुकरची जागा फिट्झपॅट्रिककडे गेली. न्यूझीलंडने ईडन पार्कवर फ्रान्सला २९-९ने हरवून चषक घेतला. डाल्टन पुन्हा कसोटी खेळला नाही. फिट्झपॅट्रिक मात्र सलग ६३ आणि एकूण ९२ कसोट्या खेळला. नेहमीच्या निवडीत त्याला अजून किती वर्षं थांबावं लागलं असतं?

रग्बी १९९५ला व्यावसायिक झाली आणि कॅव्हेलियर्सच्या बंडाने घडलेली गोष्ट, म्हणजे दुसरी फळी, प्रशिक्षकांनी योजून करायला घेतली. राष्ट्रीय प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनी प्रत्येक जागेला किमान दोन तोडीस तोड माणसं तयार करायचं ठरवलं. नोव्हेंबर २००५मध्ये त्यांनी वेल्सला ४१-३ने हरवलं आणि आठवड्याभरात डब्लिनला पूर्ण वेगळे पंधरा जण उतरवून आयर्लंडला ४५-७ने धुतलं. दोन वर्षांनी हीच कल्पना अतिरेकाला गेली. विश्वचषकासाठी ताजे ठेवायचे म्हणून २२ खेळाडूंना २००७च्या सुपर १४ स्पर्धेच्या पहिल्या सात आठवड्यांतून काढून घेतलं. त्यांच्या प्रांतांतले प्रेक्षक चिडले. ऑक्टोबरमध्ये कार्डिफला उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सने १८-२० असं घरी पाठवलं. त्या सामन्यात डॅन कार्टर आणि निक इव्हान्स हे दोन्ही फ्लाय-हाफ जखमी होऊन बाहेर गेले होते. दोन माणसांचा हिशेब एकाच सामन्यात संपला. अतिबदलाने नेमका ठरलेला पंधरांचा संघच उरला नाही, ही टीका तेव्हा झाली आणि ती बरीचशी रास्त होती. संघटनेने तरी हेन्रींनाच पुन्हा नेमलं.

२०११ला घरच्या विश्वचषकात परीक्षा पुन्हा फ्लाय-हाफच्याच जागेची आली. कॅनडाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात लाथा मारताना कार्टरची जांघ गेली. कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व फेरीत जायबंदी झाला. मग आरन क्रुडन आला. आता चौथा कोण? स्टीफन डोनाल्ड हे नाव न्यूझीलंडमध्ये तेव्हा शिवीसारखं घेतलं जाई. वर्षभरापूर्वी हाँगकाँगला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २४-२६ असा हातचा सामना गेला त्याचं खापर त्याच्या माथी फुटलं होतं. निवड समितीने त्याला वगळलं होतं आणि तो वायकाटो नदीवर व्हाइटबेट ही इवलीशी मासळी पकडत होता. हेन्रींचे फोन त्याने उचललेच नाहीत. फोन उचल, असा सहकारी खेळाडू मिल्स मुलिआइनाचा निरोप आला तेव्हा कुठे बोलणं झालं.

२३ ऑक्टोबरला ईडन पार्कवर अंतिम सामन्यात पहिल्या डावातच क्रुडनचा गुडघा वळला. आखूड पडणारी जर्सी घालून डोनाल्ड आत आला. नेहमी लाथ मारणाऱ्या पिरी वीपूचे नेम चुकत होते. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला पेनल्टी मिळाली आणि चेंडू डोनाल्डच्या पुढ्यात ठेवला गेला. त्याने तो पोस्टमधून काढला. सामना ८-७ असा संपला, म्हणजे ते तीन गुण नसते तर चषक फ्रान्सला गेला असता.

हेन्रींच्या टीकाकारांना यात फक्त नशीब दिसतं. तसं म्हणणं अर्धवट आहे. चौथ्या क्रमांकावर कसोटीचा अनुभव असलेला माणूस उपलब्ध असणं हे प्रांतिक रग्बीचं देणं होतं, आणि ज्याला प्रेक्षक नको म्हणत होते त्याला बोलावण्याचा निर्णय समितीचा. न्यूझीलंडमध्ये खेळण्याचा करार असलेल्यांनाच राष्ट्रीय संघात घ्यायचं, हा तिथला दंडक आहे. डोनाल्डने इंग्लंडच्या बाथ क्लबाशी आधीच करार केला होता. अंतिम सामन्यानंतर तो तिकडे गेला आणि ती त्याची ऑल ब्लॅक्सकडून शेवटची कसोटी ठरली.