परातीतले विवर आणि लोणारचे विवर

अवकाशात माणूस निघाला की शाळांमध्ये उत्साह येतो. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-11 मधून गेले तेव्हा तो आला, 25 जून 2025 रोजी शुभांशु शुक्ला गेले तेव्हाही आला. अशा वेळी मुलांना घरी करायला सुचवण्याजोगा एक जुना उपक्रम आहे : परातीत पीठ पसरून त्यावर गोटी टाकणे. दिसायला पोरखेळ, पण त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा वाद आहे, आणि त्या वादात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारलाही स्थान आहे.

पिठाची नासाडी घरात कोणालाच रुचत नाही. चाळलेली राख चालते. तिचा चार बोटे जाड थर द्यावा, वर रंगीत रांगोळी भुरभुरावी. गोटी सोडली की खळगा पडतो, त्याची कड उचलली जाते आणि खालची राख रांगोळीवर पट्ट्यापट्ट्यांनी उडते. चंद्रावरच्या टायको विवराभोवती असेच पट्टे दुर्बिणीतून दिसतात. आता तीच गोटी तिरपी फेका. खळगा लांबट होतो. एखादी चौकस मुलगी लगेच विचारील, अशनी तर कोणत्याही दिशेने येणार, मग चंद्रावरची बहुतेक विवरे गोल कशी?

नेमका हाच प्रश्न अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांना पडला होता. 1892 मध्ये त्यांनी अठरा रात्री दुर्बिणीतून चंद्र न्याहाळला आणि मऊ पदार्थांवर गोळे आदळून पाहिले. चंद्रावरची विवरे आघातानेच झाली, हे त्यांचे मत 1893 साली प्रसिद्ध झाले. ते बरोबर होते. पण गोलाई जुळवण्यासाठी त्यांना पृथ्वीभोवती छोट्या चंद्रिकांचे एक कडे कल्पावे लागले! त्याआधी, 1891 मध्ये, ॲरिझोनातील एका विवरात त्यांनी पुरलेला लोखंडी गोळा शोधला होता. चुंबकसूचीला काही जाणवले नाही, तेव्हा ते विवर वाफेच्या स्फोटाने झाले असावे असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1896 च्या निबंधात त्या विवराशी साम्य असलेले म्हणून त्यांनी लोणारचा उल्लेख केला. ॲरिझोनाचे ते विवर अशनीच्याच आघाताने झालेले आहे, हे पुढे सिद्ध झाले.

गफलत परातीतच होती. परातीत गोटी खळग्यात शाबूत सापडते, खऱ्या विवरात तसे घडत नाही. दोन मीटरवरून सोडलेल्या गोटीचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास असतो. पृथ्वीवर आदळणारा मोठा अशनी सेकंदाला 11 किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. वेग सतराशे पट, म्हणजे दर किलोमागे ऊर्जा सुमारे 30 लाख पट. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे. इतकी ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या चौदापट भरते. तेव्हा दगड जमिनीत रुतत नाही, त्याचा स्फोट होतो, बराचसा भाग वितळतो किंवा त्याची वाफ होते. स्फोटाचा खड्डा गोलच असतो, दगड कुठूनही येवो (अगदी जमिनीलगत घसरत आला तर गोष्ट वेगळी). हे गणित 1924 मध्ये नीट मांडणाऱ्यांपैकी ए. सी. गिफर्ड हे न्यूझीलंडमधील वेलिंग्टन कॉलेज या शाळेत गणित शिकवत. शिक्षकांच्या मासिकात हे नाव यायलाच हवे.

लोणारचा निकाल लागायला मात्र माणूस चंद्रावर जावा लागला. लवणासुराची कथा गावाला ठाऊक होतीच. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. सगळा मुलूख लाव्हाचा, म्हणून हेही ज्वालामुखीचेच काम, असे अनेकांना वाटे. पण दख्खनचा लाव्हा थिजला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि हे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर तर अगदी ताजे दिसते. 1969 पासून अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरचा बेसॉल्ट आणला, त्यात काचेचे सूक्ष्म गोलक आणि चिरडून पुन्हा सांधलेले दगड होते. 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले की लोणारच्या बेसॉल्टमध्येही तसेच गोलक, तसेच दगड आहेत. शिवाय मॅस्केलिनाइट आहे. फेल्डस्पार या खनिजावर लाखो वातावरणांएवढा दाब क्षणार्धात आला की त्याची ही काच बनते. ज्वालामुखी तेवढा दाब देऊ शकत नाही.

सहल नेलीत तर दगड उचलू देऊ नका, तो परिसर अभयारण्य आहे. त्यापेक्षा कडेवर उभे राहून थर कोणत्या बाजूला कलले आहेत ते मुलांना पाहू द्यावे आणि घरच्या परातीतल्या कडेशी ताडून बघू द्यावे. विवराचे वय त्यांनी विचारले तर दोन आकडे सांगावे लागतील : तप्तदीप्ती पद्धतीने 1997 मध्ये सुमारे 52 हजार वर्षे आले, आर्गॉन पद्धतीने 2011 मध्ये सुमारे 5 लाख 70 हजार.