खान्देशातील ठासणीची बंदूक

शिकारीचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले गेले, ते बहुतेक वाघाचे आहे. वाघ मारणारा साहेब असतो किंवा संस्थानिक असतो. त्याचा फोटो निघतो, कातडे भिंतीवर जाते आणि मारलेल्या वाघांचा आकडा चरित्रात छापला जातो. जेम्स औट्रम याने १८२५ साली खान्देशात भिल्लांची पलटण उभारली व धरणगावास तिचे ठाणे केले. पुढील दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९१ वाघ मारले, असे त्याचे चरित्रकार मोजून सांगतात. त्याच वर्षांत याच मुलखात ससे किती मारले गेले, हे कोणी मोजले नाही. ससा, तित्तर, लावा, होला, घोरपड, क्वचित खारसुद्धा, ज्याच्या हंडीत शिजत होती, त्याचे चरित्र लिहिण्याचा प्रसंगच आला नाही. मला बोलावयाचे आहे ते या बारक्या शिकारीविषयी, आणि ती ज्या हत्याराने होत असे त्या ठासणीच्या बंदुकीविषयी.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. आधी नळीत दारू ओतायची. तीवर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचे. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. दुसरा बोळा नसेल तर नळी खाली झुकताच छर्रे घरंगळून जातात. दारू कमी पडली तर छर्रे पिसांतच अडकतात. जास्त झाली तर नळी फुटते आणि बोटे जातात. पावसाळ्यात दारू सर्द झाली की फुसका बार. एवढा खटाटोप एका बारासाठी. तो चुकला तर पुन्हा पहिल्यापासून भरणे आले, आणि तोवर ससा पुढच्या शिवारात पोचलेला असतो. म्हणून ठासणीवाला पळत्या जनावरावर सहसा बार टाकीत नाही. पाणवठ्याशी दबा धरून तो बसतो आणि चार पाखरे एका रेषेत येईपर्यंत थांबतो. साहेबी शिकारशास्त्रात बसलेल्या पाखरावर बंदूक चालविणे कमीपणाचे मानले आहे. ज्याला चिमूटभर दारूचाही हिशेब ठेवावा लागतो, त्याला ही ऐट परवडणारी नव्हती.

ही दारू यायची कोठून? शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक, असे तिचे ढोबळ प्रमाण. कोळसा घरचा. गंधक बाजारचे. सोरा मात्र मातीतून निघतो. जुन्या वस्तीच्या भिंतींना, गुरांच्या गोठ्यात जे पांढरे मीठ फुटते, ती माती पाण्यात कालवून, निवळ गाळून आटविली की सोरा धरतो. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो. त्या पांढरीच्या मातीतच बंदुकीचा तीन चतुर्थांश दाणा दडलेला होता. तोड्याच्या बंदुकीला बाहेरचे आणखी काही लागत नसे. सुताची जळती दोरी, म्हणजे जामगी, रंजकाला लागली की बार उडाला. बंदुकीची नळी लोहाराने ठोकलेली, दस्ता सुताराने कोरलेला. अशा माणसाला निःशस्त्र करावयाचे तर त्याच्या हातातून बंदूक ओढूनच घ्यावी लागे.

पुढे टोपीची बंदूक आली. तिची जन्मकथा बारक्या शिकारीतलीच आहे. स्कॉटलंडातील अलेक्झांडर फोर्साइथ हा ख्रिस्ती धर्मोपदेशक पाखरांच्या शिकारीचा नादी होता. चकमकीच्या बंदुकीत रंजकाचा भडका आधी दिसतो व गोळी मागाहून सुटते. तेवढ्या पळभरात पाखरे उडून जात. म्हणून त्याने आघाताने पेटणारे द्रव्य वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. पाखरांसाठी काढलेली युक्ती मग साऱ्या जगाच्या सैन्यांनी उचलली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की टोपी गावचा लोहार करू शकत नाही. ती कारखान्यातून येते, दुकानात विकली जाते, आणि दुकानाच्या वहीत सरकारला डोकावता येते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. १८५७ चे काडतूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आजचे पितळी काडतूस उभे राहते. ती एनफील्ड बंदूकही ठासणीचीच होती. काडतूस म्हणजे दारू व गोळी बांधलेली कागदाची पुडी. ती दातांनी फाडून दारू नळीत ओतावयाची. दातांनी फाडावयाची नसती तर चरबीचा प्रश्न इतका पेटताच ना.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांची सत्ता होती. फौजा पाठवून सात वर्षांत जे साधले नाही, ते औट्रमने भिल्लांनाच गणवेश देऊन साधले. सरकारच्या बाजूचा भिल्ल असेल तर त्याच्या हाती बंदूक चालते, हा धडा तेथे घालून दिला गेला. बाजू बदलली की काय होते ते खाजा नाईकाच्या वाट्याला आले. तो सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्यावरचा पहारेकरी. १८५७ च्या अखेरीस त्याने बंड करून खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली, धरलेल्यांना तेथल्या तेथे गोळ्या घातल्या गेल्या, आणि १८६० मध्ये खाजा दग्याने मारला गेला.

यानंतरचे खरे वर्ष १८७८. कलमे वाचणे हा माझ्या धंद्याचाच भाग असल्याने या वर्षाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. सातव्या क्रमांकाचा जंगलाचा, अकराव्या क्रमांकाचा हत्यारांचा. पहिल्याने राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणे व फासे लावणे गुन्हा ठरविला. दुसऱ्याने बंदूक परवान्याखाली घातली, आणि त्यातील शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही बसविला. युरोपियनांना मात्र नियमांनी सूट होती. म्हणजे एका कायद्याने ससा नेला आणि दुसऱ्याने बंदूक. शहरातील पुढाऱ्यांनी हत्यारांच्या कायद्याविरुद्ध सभा गाजविल्या, ठराव केले. त्यांना राष्ट्राच्या अपमानाची चीड होती व ती योग्यच होती. पण जंगलाच्या कायद्यातील त्या कलमावर तितका आवाज उठला नाही. सभेला येणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरी संध्याकाळच्या कालवणाचा प्रश्न तित्तरावर अवलंबून नव्हता.

१९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. १९५० च्या संविधानात तो आला नाही. तेथे शस्त्राचा उल्लेख एकोणिसाव्या कलमात आहे : शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमावे. त्याच्या शेजारच्याच उपकलमावर आमच्या कामगार संघटना उभ्या आहेत, त्यामुळे मला तक्रार करता येत नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीला मानाची जागा मिळाली. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्यास वाटले तर दुसरी साध्या नळीची बंदूक द्यावी. वाचावयास उत्तम. पण पिकाचे संरक्षण करण्यासाठी आधी पीक लागते, आणि पिकासाठी जमीन. ज्याची जमीन सावकाराकडे गेली त्या भिल्लाने परवाना कशाच्या बळावर मागावा? शहादे तालुक्यात जमीनदारांनी पीक संरक्षण संस्था काढल्या होत्या, आणि त्यांच्या राखणदारांना मुख्य धाक घालावयाचा होता तो डुकरांपेक्षा मजुरांना. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीस धान्य मागावयास गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, एक जण ठार झाला. पुढच्या वर्षी तेथे श्रमिक संघटना उभी राहिली.

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात मुळात बारक्या शिकारीचा स्वतंत्र परवाना होता, हे आता फारसे कोणाला ठाऊक नाही. ससा, तित्तर, लावा ही चौथ्या परिशिष्टातील छोटी शिकार. फी भरून ती करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद केले. बंदी चूक होती असे मी म्हणणार नाही. जीपचे दिवे आणि काडतुसाची दुनळी घेऊन शहरातील हौशी मंडळी रात्रीची शिवारे झोडपीत, तेव्हा माळावर काही उरेल ही आशा नव्हती. माझे म्हणणे एवढेच की एका बारासाठी पाणवठ्यावर दोन तास बसणारा आणि जीपवाला यांना कायद्याने एकाच तागडीत घातले. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराई, मासे, गौण वनोपज, परंपरेचे इतर हक्क, सारे मान्य झाले. फक्त शिकार व फासे नावानिशी वगळले आहेत. जे १८७८ मध्ये गेले, ते परत देण्याच्या यादीतही बसले नाही.

मात्र १९५९ चे ते कलम अजून आहे. पिकाची नासाडी करणारे डुकरू मारावयाचे तर बंदुकीच्या परवान्यावर भागत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि तेवढे दिवस डुकरे मोकळी. परवान्याच्या पुस्तकात हेतूच्या रकान्यात ‘पीक संरक्षण’ असे लिहिलेले असते. कागदपत्रांचा हा व्याप नको म्हणून काही शेतकरी छर्रे घालीतच नाहीत. नुसती दारू आणि चिंधी ठासून मचाणावरून बार काढतात. आवाजाने कळप दुसऱ्याच्या शेतात जातो.