मुक्या लाकडाचा इतिहास

गेल्या दिवाळीत आम्ही घरासाठी स्पीकरची जोडी घ्यायला गेलो. आवाजाचा निर्णय तासाभरात झाला. अडलो ते त्यानंतर. ‘फिनिश कोणते?’ असे विचारून दुकानदाराने तीन नमुने पुढे ठेवले: सागाचे विनियर, काळा रंग आणि शिसवी छटेचा छापील प्लास्टिकचा थर. आमच्याकडे आजीच्या काळातले शिसवी कपाट आहे, तेव्हा त्याला शोभेल असेच काही घ्यावे, असा घरच्यांचा आग्रह होता. आशय आणि अभिव्यक्ती वेगळ्या काढता येत नाहीत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. येथे मात्र आवाज तोच आणि साल तेवढी निराळी. मग या सालीला एवढे महत्त्व आले कोठून? त्या प्रश्नामागे जाताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मिरजेच्या कारागिराने केलेल्या तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड स्वतः बोलतात. त्यांचे बोलणे हाच तंबोऱ्याचा स्वर. स्पीकरच्या लाकडाचे कर्तव्य नेमके उलटे आहे. पडदा हलतो तेव्हा पेटीच्या भिंतीही हलू पाहतात, आणि त्या हलल्या की गायकाच्या आवाजात लाकडाचा आवाज मिसळतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा लहानसा स्पीकर सिद्ध केला. त्याची पेटी पातळ बर्च प्लायवुडची असून आतून तिला डांबरी थर दिलेला होता. आतल्या कोपऱ्यांतील पट्ट्या बीच या कठीण लाकडाऐवजी पराना पाइनच्या घातल्या, तर मानवी आवाजाचा पोत बदलतो, असे त्यांना आढळले. म्हणजे लाकूड ऐकू येते. पण ते आतले, डोळ्यांना न दिसणारे. बाहेरून चिकटवलेले विनियर जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे असते. ते सागाचे आहे की अक्रोडाचे, हे कानाला कळत नाही. ते बोलते ते घराशी.

हे बोलणे सुरू झाले १९०६ मध्ये. तोवर ग्रामोफोनचा कर्णा उघड्यावर फुललेला असे. दिवाणखान्यात तो यंत्र म्हणूनच वावरे. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने त्या वर्षी ‘व्हिक्ट्रोला’ आणला आणि कर्णा खाली वळवून महोगनीच्या कपाटात लपवला. आवाज मोठा हवा तर कपाटाची दारे उघडायची, लहान हवा तर मिटायची. किंमत होती २०० डॉलर. गाण्याचे यंत्र ‘फर्निचर’ झाले आणि संपन्न घरात त्याला जागा मिळाली. तेव्हापासून फिनिशचा प्रश्न हा घरात प्रवेश मिळवण्याचा प्रश्न राहिला आहे.

त्या काळच्या लाकडी कपाटांना झिलई देण्याची प्रतिष्ठित रीत म्हणजे फ्रेंच पॉलिश, अर्थात स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. आपले सुतार आजही हा शब्द वापरतात. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही खनिज भुकटीत हाच चपडा मिसळून दाबल्या जात. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर किडे लाख तयार करीत आणि आदिवासी ती खरवडून गोळा करीत. तिचाच एक अंश स्वर वाहून नेई, तर दुसरा त्या स्वराच्या घराला चकाकी देई. लाख म्हटली की आपल्याला लाक्षागृह आठवते. युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत लाखेचे असे दुसरेही एक घर होते. मात्र ज्यांनी ती गोळा केली, त्यांच्या झोपडीत ती तबकडी क्वचितच वाजली असेल.

इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात दोन वाटा फुटल्या. मर्फी कंपनीने आपल्या रेडिओची पेटी करण्याचे काम वूस्टरशरमधल्या गॉर्डन रसेल यांच्या फर्निचरच्या कारखान्याकडे दिले. त्यांचे बंधू आर. डी. रसेल यांनी आखलेल्या पेट्यांवर कोरीव नक्षी नव्हती. अक्रोडाच्या विनियरच्या रेषा आणि नेमके प्रमाण एवढ्यावरच त्या उभ्या होत्या. दुसरी वाट एक्को कंपनीची. वेल्स कोट्स यांनी १९३४ मध्ये बॅकेलाइटचा गोल रेडिओ घडवला. लाकडात सहज न साधणारा आकार त्यांनी निवडला होता. तरीही त्याची एक आवृत्ती अक्रोडी तपकिरी छटेची होतीच. नव्या पदार्थाने जुन्याचा वेष घ्यावा, हा मोह साहित्यातही आपण पाहतो.

मर्फीचे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. ठाण्यात तिचा कारखाना होता आणि जाहिरातीतले बाळ घरोघरी ओळखीचे होते. आमच्या आजोबांचाही एक मर्फी होता. शाळेत असताना, एका दिवाळीत खिडक्यांचा तेलरंग उरला म्हणून आम्ही तो त्या रेडिओला फासला. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे अनेक वर्षांनी मूळ लाकूड परत मिळावे म्हणून आम्ही तो सुताराकडे नेला. त्याने एका कोपऱ्यात पॉलिशपेपर फिरवला आणि थांबला. ‘सर, हे कागदाएवढं लाकूड आहे. आणखी घासलं तर आतलं प्लाय दिसेल.’ साल म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

१९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या आल्या. आता त्या एकमेकींना शोभायला हव्या होत्या. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले विनियरचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून जोडीला लावण्याची पद्धत त्यासाठी उपयोगी पडली. याच काळातील एक प्रामाणिक उदाहरण अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचे आहे. १९६७ मध्ये आलेल्या तिच्या एआर-३ए स्पीकरची किंमत जाहिरातीत २२५ ते २५० डॉलर अशी दिलेली असे, ‘फिनिशनुसार’. सर्वांत स्वस्त पेटी पॉलिश न केलेल्या पाइनची. आवाज सर्वांना सारखा. डोळ्यांचे मोल वेगळे, आणि ते २५ डॉलर. हा हिशोब इतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडला असेल. पुढे १९८० च्या दशकात तर काळ्या ‘अ‍ॅश’ लाकडाच्या रेषा छापलेले प्लास्टिकच सर्वत्र दिसू लागले.

आता शिसवाकडे वळू. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराने १९९२ मध्येच जवळजवळ बंदी आणली होती. २ जानेवारी २०१७ पासून त्या वंशातील उरलेल्या सर्व जाती, आपल्या सह्याद्रीतल्या शिसवासह, परवान्याच्या कक्षेत आल्या. वादकांनी आणि वाद्यनिर्मात्यांनी तक्रार केल्यावर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. स्पीकरला ती नाही. जकातीच्या वर्गीकरणात वाद्ये ९२ व्या प्रकरणात येतात, स्पीकर ८५ व्या प्रकरणात, विजेच्या उपकरणांबरोबर. बीबीसीच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत जे म्हटले तेच कायद्यानेही नकळत म्हटले: स्पीकर हे वाद्य नव्हे. सतारीला किंवा गिटारीला लाकूड मागण्याचे जे कारण आहे, ते त्याला नाही.

म्हणून फिनिशची निवड क्षुल्लक ठरत नाही. उलट ती अधिक जबाबदारीची होते. स्वराची सबब येथे उपलब्ध नसल्यामुळे जे निवडतो ते केवळ आपल्या नजरेसाठी, हे मान्य करावे लागते. आजीचे कपाट शिसवी आहे, कारण त्या काळी जंगलात शिसव होता आणि गावात तो घडवणारा सुतार होता. छापील शिसव त्या कपाटाशी नाते सांगेल, पण ते खोटे असेल. नवा शिसव मागावा, तर ते नाते फार महाग पडेल, आणि ती किंमत आम्ही एकट्यांनी मोजायची नाही.

आम्ही साग घेतला, नुसता तेलपाणी केलेला. कपाटाशी तो जुळत नाही, हे घरात रोज कोणीतरी बोलून दाखवते. आजोबांचा रेडिओ त्याच खोलीत आहे. त्याच्या एका कोपऱ्यात सुताराने घासलेली बोटभर जागा अजून तशीच आहे. तेवढ्यापुरता अक्रोड दिसतो.