मार्चमधली आशा: बेसबॉलचा वसंत-सराव आणि नव्या पोरांविषयीच्या गप्पा

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसानं बेसबॉलवर का बोलावं? आणि बोलायचंच, तर मोठे सामने सोडून, ज्यांचा निकाल कुठंच धरला जात नाही अशा सरावाच्या सामन्यांवर का? कारण असं, की आशा कशावर उभी असते, ती कुणाविषयी धरली जाते आणि तिची किंमत कोण मोजतं, हे तीन प्रश्न या सरावाच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतात. आज आपण या तीन प्रश्नांच्या मागे जाऊ.

आधी सराव म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि शरद ऋतूत संपतो. मधले महिने थंडीचे. पूर्वी या दिवसांत चाहते गावातल्या दुकानात शेगडीभोवती जमून संघाची चर्चा करायचे; त्या गप्पांना आजही 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला खेळाडू दक्षिणेकडे उबदार हवेत सरावाला जमतात. आज एकूण 30 संघ आहेत. त्यांपैकी 15 फ्लोरिडात आणि 15 अ‍ॅरिझोनात जातात. साधारण सहा आठवडे हे चालतं. बॉस्टन-शिकागोकडे रस्त्यावर बर्फ असतो आणि वर्तमानपत्रात उन्हातल्या मैदानाचा फोटो येतो. मग बोलणं सुरू होतं: तो एकोणीस वर्षांचा पोरगा बघितलात का? हात कसला आहे! यंदा वर घेतील, की अजून एक वर्ष मायनर लीगमध्ये ठेवतील?

गंमत अशी, की प्रस्थापित खेळाडूंविषयी या गप्पांत कुणी फारसं बोलत नाही. त्यांचं काय ते माहीत असतं. बोलणं सगळं नव्या पोरांचं. कारण गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाजवळही एक गोष्ट शिल्लक असते: अजून न खेळलेला खेळाडू. त्यानं अजून कुणाची निराशा केलेली नसते.

आता पहिला प्रश्न. ही आशा कशावर उभी असते? आपल्याकडच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. पण त्याला व्याप्ती लागते. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, हे आधी पक्कं असावं लागतं. मार्चमधल्या खेळाची आणि पुढच्या हंगामाची अशी व्याप्ती नसते. कारणं सरळ आहेत. चेंडू टाकणारा पिचर त्या दिवशी कदाचित नवा चेंडू घोटून बघत असतो. गडी बाद करणं हा त्याचा हेतूच नसतो. समोरच्या संघात महिन्याभरानं घरी जाणारी मुलंही खेळत असतात. आणि सामने मोजकेच. वीस-पंचवीस सामन्यांत कुणाचंही नशीब फळफळू शकतं.

1951 सालचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क यांकीज त्या वर्षी फ्लोरिडाऐवजी फीनिक्सला सरावाला गेले होते. तिथे ओक्लाहोमातला मिकी मॅन्टल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. बेसबॉलमध्ये फलंदाजानं दर हजार संधींत किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला, असा हिशेब ठेवतात. 300 म्हणजे उत्तम. मॅन्टलनं त्या वसंतात 402 चा हिशेब लावला आणि 9 होम रन मारले. पत्रकारांनी त्याला थेट जो डिमॅजिओचा वारस ठरवलं. संघानं पाठीवर 6 क्रमांक दिला. का? तर बेब रूथचा 3, लू गेरिगचा 4, डिमॅजिओचा 5; आता पुढचा हा! पोराच्या पाठीवर नुसता आकडा नव्हता, सबंध वंशावळ होती.

जुलैत त्याला खाली, कॅन्सस सिटीच्या मायनर लीग संघात पाठवलं. मॅन्टल पुढे सांगायचा, की मी वडिलांना फोन करून म्हणालो, मला हे जमणार नाही. वडील शिसं-जस्ताच्या खाणीत राबणारे. ते आले आणि त्याची बॅग भरू लागले: चल, माझ्याबरोबर खाणीत कामाला. मग पोरगा थांबला. ऑगस्टमध्ये तो परत वर आला, तेव्हा पाठीवर 7 होता. पुढे 536 होम रन त्याच्या नावावर लागले. म्हणजे चाहते शेवटी बरोबर ठरले. पण त्या जुलैत, त्या खोलीत, त्यांच्या बरोबर असण्याचा त्या मुलाला काय उपयोग होता?

दुसरं उदाहरण 1978 चं. कॅन्सस सिटी रॉयल्सचा क्लिंट हर्डल वीस वर्षांचा होता. मार्चमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो त्या वर्षाचा 'फेनॉम' म्हणून झळकला. हा शब्द 'फिनॉमिनन'चा तुकडा आहे. कांटच्या विद्यार्थ्यांना इथे हसू येईल. फिनॉमिनन म्हणजे वस्तू जशी आपल्याला दिसते तशी, वस्तू स्वतः नव्हे. हर्डल दहा हंगाम खेळला आणि सगळे मिळून 32 होम रन झाले. पुढे तो उत्तम प्रशिक्षक ठरला, 2007 मध्ये त्यानं कोलोरॅडो रॉकीजना अंतिम मालिकेपर्यंत नेलं. पण मुखपृष्ठावर ज्याची वाट पाहिली होती तो खेळाडू कधी आलाच नाही.

चाहत्यांच्या या भोळेपणाची थट्टाही झाली. त्याच साप्ताहिकाच्या 1 एप्रिल 1985 च्या अंकात जॉर्ज प्लिम्प्टन यांचा लेख आला: न्यूयॉर्क मेट्सच्या सरावात सिड फिंच नावाचा पोरगा आलाय, तिबेटमध्ये साधना केलेला, एका पायात बूट घालून ताशी 168 मैल वेगानं चेंडू टाकतो. असा वेग माणसाच्या हाताला शक्य नाही, हे बेसबॉल बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी कित्येकांनी विश्वास ठेवला. तारीख एप्रिल फूलची होती, लेखाच्या उपशीर्षकातल्या शब्दांची आद्याक्षरंही तेच सांगत होती. पण मार्चचा महिनाभर अशक्य गोष्टी खऱ्या मानण्याचा सराव झालेला होता ना!

तेव्हा आपण असं म्हणू, की या गप्पा म्हणजे अनुमान नव्हे. अनुमान म्हणून त्या कच्च्या आहेत, आणि जुन्या चाहत्यांना ते पक्कं ठाऊकही असतं. त्या एका माणसाला आपल्यात घेण्याच्या गप्पा आहेत. 'हा आमचा आहे, याचं पुढे काहीतरी होईल' असं म्हणणं. इथून दुसरा प्रश्न उभा राहतो: असं कुणाविषयी म्हणायची मुभा होती?

वसंत-सराव रुजवण्याचं श्रेय बरेचदा कॅप अ‍ॅन्सनला देतात. 1886 मध्ये त्यानं शिकागोचा संघ आर्कान्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्जच्या गरम कुंडांवर नेला, हिवाळ्यात चढलेली चरबी उतरवायला. संघ दक्षिणेकडे त्याआधीही गेले होते, पण ही प्रथा पुढे नावारूपाला आली. आणि हाच अ‍ॅन्सन 1883 मध्ये टोलेडोला, समोर फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू आहे म्हणून मैदानात उतरायला तयार नव्हता. त्या दिवशी तो शेवटी खेळला. 1887 मध्ये मात्र न्यूअर्कमधल्या सामन्यात जॉर्ज स्टोव्ही हा काळा पिचर अ‍ॅन्सनच्या संघाविरुद्ध उतरला नाही, आणि त्याच सुमारास तिथल्या लीगनं काळ्या खेळाडूंशी नवे करार न करण्याचं ठरवलं. वॉकर 1884 मध्ये मोठ्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर हे दार 1947 पर्यंत बंद राहिलं.

साठ वर्षांहून अधिक काळ. काळ्या खेळाडूंचे स्वतःचे संघ होते, स्वतःच्या लीग होत्या, त्यांचे चाहते त्यांच्या पोरांविषयी तितक्याच उत्साहानं बोलत. पण 'यंदा हा वर जाईल का?' हे वाक्य त्यांना उपलब्ध नव्हतं. वर म्हणून काही नव्हतंच. जॉश गिब्सन हा त्या लीगमधला महान फलंदाज जानेवारी 1947 मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला. मोठ्या लीगचं दार उघडलं एप्रिलमध्ये.

ते उघडण्याआधीचा वसंत 1946 चा. ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून मॉन्ट्रियल या आपल्या मायनर लीग संघात घातलं होतं. तो सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे नवा पोरगा म्हणावा असं वयही उरलं नव्हतं. फ्लोरिडातल्या सॅनफर्डला सराव सुरू झाला आणि दोनच दिवसांत, गावातून आलेल्या धमक्यांमुळे, त्याला तिथून हलवावं लागलं. जॅक्सनव्हिलला तर मैदानाला कुलूप लावून सामना रद्द केला. डेटोना बीचनं मात्र परवानगी दिली. 17 मार्चला तिथे सामना झाला. काळ्या प्रेक्षकांना वेगळी बाकं होती. ती गच्च भरली. 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्या समाजाच्या वृत्तपत्राचे वेंडेल स्मिथ रॉबिन्सनसोबत होते आणि बातम्या धाडत होते. उत्तरेतल्या काळ्या वस्त्यांत त्या वसंतात प्रथमच ही चर्चा झाली असणार: हात कसा आहे, कुठे खेळवतील, घेतील का?

आणि सरावातला त्याचा खेळ? साधारणच! फेकून फेकून खांदा दुखत होता, फटके लागत नव्हते. मार्चच्या धुरावरून अग्नी ठरवला असता तर तो घरी गेला असता. 18 एप्रिलला जर्सी सिटीला हंगामाचा पहिला सामना झाला. पाच संधींत चार यशस्वी फटके, त्यात एक होम रन, वर दोन बेस चोरले. वर्षअखेर त्याचा हिशेब 349, लीगमध्ये सर्वोत्तम. 15 एप्रिल 1947 ला तो ब्रुकलिनकडून मोठ्या लीगमध्ये उतरला.

पण सरावाच्या गावांतला भेद त्यानंतरही संपला नाही. 1961 मध्ये सेंट पीटर्सबर्गला कार्डिनल्सचा बिल व्हाइट उघड बोलला, की गावच्या व्यापारी मंडळाच्या न्याहारीला गोऱ्या खेळाडूंनाच आमंत्रण असतं. मैदानावर एक संघ आणि संध्याकाळी दोन मुक्काम, असं तोवर चाललं होतं. हाच व्हाइट 1989 मध्ये नॅशनल लीगचा अध्यक्ष झाला.

आता तिसरा प्रश्न, किमतीचा. ज्या रिकींनी रॉबिन्सनला आणलं, त्यांनीच आधी सेंट लुईस कार्डिनल्समध्ये 'फार्म' पद्धत उभारली होती. शेत म्हणतात ते उगाच नाही: खालच्या लीगमधले संघ ताब्यात ठेवायचे, शेकडो पोरं पेरायची, पाचदहा उगवली तरी पीक आलं. कार्डिनल्सकडे एके काळी तीसहून अधिक संघ होते. मुलगा एकदा सही करून बसला की दुसऱ्या संघाकडे जायची सोय नाही. मार्च 1938 मध्ये कमिशनर लँडिस यांनी अशा 70 हून अधिक मुलांना कार्डिनल्सच्या कब्जातून मोकळं केलं, हा एक अपवाद.

आणि अगदी अलीकडची गोष्ट ऐका. मायनर लीगच्या खेळाडूंना वसंत-सरावाच्या आठवड्यांचा पगारच मिळत नसे. चाहते ज्यांच्याविषयी तासन्‌तास बोलत होते, ती पोरं त्या वेळी बिनपगारी राबत होती. काही माजी खेळाडूंनी 2014 मध्ये दावा लावला. मार्च 2022 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की सराव हेही काम आहे. त्याच वर्षी 18.5 कोटी डॉलरची तडजोड झाली, खेळाडू संघटनेत आले, आणि 2023 मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. सव्वाशे वर्षांहून जुन्या प्रथेत हे एवढं उशिरा.

आपल्याकडचे दोन तरुणही या रांगेत उभे राहिले आहेत. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंह आणि दिनेश पटेल 2008 मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. त्यांच्यावर सिनेमा निघाला. मोठ्या लीगमध्ये दोघांपैकी कुणी पोचलं नाही. फार्ममध्ये आलेल्या बहुसंख्य मुलांचं हेच होतं. फक्त त्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

मग काय, या गप्पा बंद कराव्यात? आम्हाला तसं वाटत नाही. 1946 च्या डेटोना बीचकडे बघा. कुणीतरी आपल्याविषयी 'याचं पुढे काहीतरी होईल' असं म्हणणं, हा माणसाचा केवढा मोठा हक्क आहे, हे तो ज्यांना नाकारला गेला त्यांच्याकडून कळतं. म्हणून आशा जरूर धरावी, आणि ती सगळ्यांविषयी धरायला मोकळीक असावी. मात्र ती धरताना एवढं ध्यानात ठेवावं, की पोरानं आपल्याला कसलंही वचन दिलेलं नाही. चाहत्याची आशा खोटी ठरली तर त्याचं एक वर्ष जातं, आणि पुढच्या मार्चला त्याला नवा पोरगा मिळतो. त्या पोराजवळ मात्र तेवढं एकच आयुष्य असतं. जुलैत तो खाली गेला, तर त्याचं नाव विचारणारं कुणी उरतं का, यावरून मार्चमधल्या आपल्या प्रेमाची परीक्षा होते.

इथे थांबू. तुमचे प्रश्न असतील तर ते आता घेऊ.