‘अमृतराव घाट’ या नावात अक्षरे किती?

वाराणसीतील राजा घाटाचे जुने नाव अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून वार्षिक ७ लाख रुपयांचा तनखा स्वीकारला आणि पुढे ते काशीत राहिले. त्यांच्या घाटाचे हेच नाव घेऊन, पायथॉनमध्ये मजकुराचा तुकडा कसा काढतात आणि त्यामागे कोणता इतिहास आहे, ते आपण पाहू.

पायथॉन ३ मध्ये चलाचे नाव देवनागरीतही चालते. म्हणून लिहा:

नाव = "अमृतराव घाट"
नाव[0:7]

उत्तर येते ‘अमृतराव’. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा क्रमांक तुकड्यात धरत नाहीत. त्यामुळे 7 मधून 0 वजा केला की तुकड्याची लांबी मिळते. नाव[8:] दिल्यास ‘घाट’ मिळतो.

आता नाव[0:2] करून पाहा. ‘अमृ’ अपेक्षित असते, पण मिळते ‘अम’. असे का होते?

आपण वाचताना अ, मृ, त, रा, व, घा, ट अशी ७ अक्षरे मोजतो. पायथॉन ३ मात्र ‘ृ’ आणि ‘ा’ ही चिन्हे व मधली मोकळी जागा वेगळी धरून ११ मोजतो. ही विभागणी भारतीय ‘इस्की’ संकेतप्रणालीतून आली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली.

पायथॉन १९९१ मध्ये आला, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरी पायथॉन २ मधील साधी स्ट्रिंग बाइट मोजत असे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून हेच नाव तिथे ३१ भरे. तिथे [0:7] केल्यास ‘अम’ आणि पुढच्या चिन्हाचा तुटका बाइट हाती येई. २००८ च्या पायथॉन ३ ने स्ट्रिंग युनिकोडची केली. बाइट तुटणे थांबले, अक्षर तुटणे मात्र राहिले.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. एखाद्या अर्जाने नावाची पहिली ३ चिन्हेच ठेवली, तर ‘सीमा’चे ‘सीम’ होते आणि तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. म्हणून शब्द हवा असेल तेव्हा क्रमांक न मोजता मोकळ्या जागेवर ‘स्प्लिट’ करा. अक्षर हवे असेल तर मात्रा आणि जोडाक्षरे एकत्र ठेवणारे साधन वापरा. आणि कापण्यापूर्वी विचारा: इथे नक्की काय मोजले जात आहे?

स्वाध्याय: स्वतःच्या नावातील अक्षरे आधी बोटांवर मोजा, मग पायथॉनकडून लांबी काढा. फरक कोणत्या चिन्हांमुळे पडला, ते लिहा.