उष्णतेला वाट हवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाला बुद्धी आहे की नाही, यावर वाद घालता येईल. तो तापतो, यावर मात्र वाद नाही. विजेचा दिवा निदान थोडी वीज उजेडाच्या रूपानं देतो. संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. हिशेब करून झाला, पत्र लिहून झालं, की मागे उरते ती ऊब. ही ऊब पेटीबाहेर कशी काढायची, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४६ साली 'एनिॲक' हा संगणक जगासमोर आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. त्याला पेटी नव्हतीच, एक मोठं दालन होतं आणि गरम हवा हटवायला यांत्रिक पंखे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' सुरू झाला, त्यातही २,७०० नळ्या होत्या. पुढे नळीची जागा ट्रान्झिस्टरनं घेतली. १९७१ साली इंटेलनं २,३०० ट्रान्झिस्टर नखापेक्षा लहान चिपवर बसवले. यंत्र आक्रसलं, टेबलावर आलं, आणि मग पेटीचा विचार सुरू झाला.

सोपा उपाय पंख्याचा. पण पंखा आवाज करतो, धूळ आत ओढतो आणि एक दिवस बंद पडतो. १९७७ च्या 'ॲपल टू' मध्ये पंखा नव्हता. रॉड होल्ट या अभियंत्यानं त्याला वीज पुरवणारा भागच असा बनवला, की तो मुळात कमी तापे. १९८० च्या 'ॲपल थ्री' लाही पंखा द्यायचा नाही, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. उष्णता बाहेर नेण्याचं काम ॲल्युमिनियमच्या जड ओतीव तळावर सोपवलं गेलं. पण यंत्रं बिघडू लागली, आतल्या चिपा खोबणीतून सुटू लागल्या. तेव्हाचा एक सल्ला प्रसिद्ध आहे : यंत्र थोडं वर उचला आणि टेबलावर आपटा, म्हणजे चिपा परत बसतील! दोष उष्णतेचा होता की आतल्या दाटीवाटीच्या फलकाचा, यावर मतभेद आहेत. यंत्राचं नाव मात्र गेलं ते गेलंच.

कल्पना चुकीची नव्हती. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकपेक्षा सुमारे हजारपट चांगली उष्णता वाहून नेतं, तांबं त्याहून सरस. आमच्या घरातल्या तांब्याच्या देगचीत आच एका जागी न थांबता साऱ्या बुडाशी पसरते, ती याच गुणामुळे. पण धातूची पेटी केली म्हणजे काम झालं, असं नाही. चिप आणि पेटी यांच्यात बोटभर हवा राहिली, तर ती हवा गोधडीसारखी ऊब धरून ठेवते. म्हणून चांगल्या पेटीच्या झाकणातून धातूचा एक ठोकळा खाली उतरतो आणि चिपला टेकतो. दोन पृष्ठभागांतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी भरायला मधे उष्णतावाहक मलम लावतात. बाहेरच्या अंगाला पात्या काढतात, मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा. त्या उभ्या ठेवल्या, की तापलेली हवा आपोआप वर जाते आणि खालून गार हवा येते. पेटी मग नुसतं झाकण राहत नाही, यंत्राचा कामकरी अवयव होते.

मधल्या काळात मात्र सारी शर्यत वेगाची होती. ट्रान्झिस्टर जितका लहान तितकी त्याला वीज कमी, म्हणून चिप फार तापणार नाही, हे गणित रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलं होतं. तीस वर्षं ते चाललं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. चिपा शंभर वॅटच्या वर गेल्या. २००४ साली इंटेलनं आपली पुढची वेगवान चिप रद्द केली. उष्णतेनं वेगाला लगाम घातला तो असा.

त्याच सुमारास दुसरी वाट उघडली. तैवानच्या 'व्हिया' कंपनीनं २००१ साली १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा फलक आणला. कमी विजेवर चालणारी चिप त्यावर बसवून हौशी मंडळी पंख्याविना संगणक बांधू लागली. २०१२ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजहून 'रास्पबेरी पाय' आला, पत्त्याच्या जोडाएवढा आणि मुलांना शिकण्यासाठी स्वस्त. २०१९ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली, ती वेगवान होती आणि तापतही होती. साहजिकच तिच्यासाठी धातूच्या पेट्या निघाल्या.

इथं आपला संबंध येतो. पंखा नसलेली पेटी गारवा निर्माण करत नाही, ती फक्त उष्णता खोलीतल्या हवेला देते. समजा, एखाद्या पेटीत चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापते. केंब्रिजच्या २० अंशांच्या खोलीत ती ६५ वर राहील. मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याखालच्या वर्गात हवा ४२ अंश असेल, तर तीच चिप ८७ वर जाईल. 'पाय'ची चिप ८० अंशांच्या पुढे स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मुलाला वाटतं, यंत्र मठ्ठ आहे. खरं तर पेटी करणाऱ्यानं आपला उन्हाळा हिशेबात धरलेला नसतो.

म्हणून आपल्याकडे पंख्याविना पेटी नको, असं नाही. उलट आपल्या धुळीत तीच टिकेल. फक्त ती थोडी मोठी हवी, पात्या भरपूर हव्यात, भोवती मोकळी जागा हवी. वाढ ४५ वरून २५ अंशांवर आणली, तर त्याच वर्गात चिप ६७ वर निवांत चालेल. आकार लहानच हवा हा हट्ट तेवढा सोडावा लागेल. शाळेसाठी असा संगणक घेताना पेटीवर छापलेला तापमानाचा आकडा जरूर वाचावा आणि तो किती अंशांच्या खोलीत मोजला, हेही दुकानदाराला विचारावं.